कॉलेजच्या लॅबमध्ये टर्बो सी++ च्या जागी कोणता कोड एडिटर बसवावा? आणि कसा?

कृष्णाकाठ
मंगळवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात मी संगणक प्रयोगशाळा सांभाळतो. आमच्याकडे पहिल्या वर्षाच्या मुलांना सी आणि सी++ अजून डॉसबॉक्समधल्या (जुने डॉसचे प्रोग्राम चालवणारी खिडकी) टर्बोवर शिकवतात. जूनपासून हे बदलायचं असं विभागात ठरलंय आणि काम माझ्याकडे आलंय.

तीसेक मशिन आहेत. सगळी ४ जीबी रॅमची, साधी हार्ड डिस्क, ६४-बिट विंडोज १०. चार मशिन तर अजून विंडोज ७ वर आहेत. नेट आहे, पण ऑफिसात ॲडमिशनचं काम सुरू झालं की लॅबमध्ये रांगायला लागतं. मुलांच्या लॉगिनला ॲडमिनचे हक्क नाहीत आणि द्यायचेही नाहीत.

मला मायक्रोसॉफ्टचा व्हीएस कोड हा एडिटर बसवावासा वाटतो, कारण पुढे नोकरीत बहुतेकांना तोच भेटणार. पण आमची बरीच मुलं बारावीपर्यंत फक्त मोबाइलवर वाढलेली. पहिल्याच तासाला प्रत्येकाच्या पडद्यावर स्वतःचा प्रोग्राम चाललेला दिसला पाहिजे, एवढा एकच हट्ट आहे माझा. पहिला तास 'सर, एरर येतोय' यात गेला की मागच्या बाकावरची मुलं कायमची मागे पडतात.

हा एडिटर योग्य आहे का, आणि असेल तर मांडणी कशी करू?

---

सायली_टीवाय
मंगळवार, रात्री ९:५८

सर, तुमच्या लॅबमध्ये ॲडमिशन घेऊ का? आमच्याकडे अजून टर्बोच आहे. :)

---

अर्धविराम
मंगळवार, रात्री १०:३५

योग्य आहे. मी पुण्यात नव्याने लागलेल्या मुलांना कामाला लावतो, तेव्हा दरवर्षी एकच गोंधळ बघतो. एडिटर बसवला म्हणजे सी++ बसलं असं त्यांना वाटतं. व्हीएस कोडमध्ये कंपायलर, म्हणजे लिहिलेल्या प्रोग्रामचं मशिनच्या भाषेत भाषांतर करणारा, नसतो. टर्बोत एडिटर, कंपायलर, डीबगर सगळं एकाच निळ्या खिडकीत होतं, म्हणून हा प्रश्नच कधी पडला नाही. मुलांना पहिल्या दहा मिनिटांत फळ्यावर तीन चौकोन काढून दाखवा: लिहायची जागा, भाषांतर करणारा, चालवायची जागा. मग एरर आला तरी तो कोणत्या चौकोनातून आला हे विचारता येतं.

आता मांडणी. नेहमीचा इन्स्टॉलर वापरू नका. व्हीएस कोडची झिप मिळते, ती उघडून त्या फोल्डरमध्ये 'डेटा' नावाचं रिकामं फोल्डर करा (नाव रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत). एवढं केलं की तो पोर्टेबल होतो. म्हणजे सेटिंग्ज, एक्स्टेन्शन (वरून जोडायच्या सोयी) सगळं त्याच फोल्डरात राहतं. लॅबसाठी हे फार सोयीचं, कारण इन्स्टॉलरने बसवलेल्या व्हीएस कोडमध्ये एक्स्टेन्शन प्रत्येक लॉगिनच्या खात्यात वेगळं जातं. पोर्टेबलमध्ये एका मशिनवर घडी नीट बसवायची आणि ते अख्खं फोल्डर उचलून बाकीच्यांवर ठेवायचं. नेट लागत नाही. तो आपोआप अपडेटही होत नाही, त्यामुळे परीक्षेच्या दिवशी पडदा वेगळा दिसायची भीती नाही. एवढंच बघा की ते फोल्डर 'प्रोग्राम फाइल्स'मध्ये नको. मुलांच्या लॉगिनला 'डेटा'मध्ये लिहिता आलं पाहिजे. सरळ सी किंवा डी ड्राइव्हच्या मुळाशी ठेवा.

कंपायलर म्हणून जीसीसी घ्या, विनलिब्जच्या साइटवर त्याची झिप मिळते. तीही इन्स्टॉल करावी लागत नाही. उघडायची, सी ड्राइव्हला ठेवायची आणि आतल्या 'बिन' फोल्डरचा पत्ता सिस्टिमच्या पाथमध्ये (विंडोज प्रोग्राम जिथे शोधतं त्या पत्त्यांच्या यादीत) टाकायचा. यूजरच्या नाही, सिस्टिमच्या, म्हणजे सगळ्या लॉगिनना लागू होतो. मग व्हीएस कोड उघडायच्या आधी साध्या काळ्या खिडकीत 'जी++ --व्हर्जन' टाइप करून बघा (जी++ म्हणजे जीसीसीचा सी++ कंपायलर; आज्ञा अर्थातच रोमन अक्षरांत). आकडा दिसला तर पुढे जा. नाही दिसला तर एडिटरमध्ये काही शोधू नका, दोष पाथमध्येच आहे.

आणि पाथ बदलला तेव्हा व्हीएस कोड उघडा असेल तर त्याच्या सगळ्या खिडक्या बंद करून पुन्हा उघडा. चालू असलेल्या प्रोग्रामला जुनाच पाथ माहीत असतो. यावर किती माणसांचे किती तास गेले असतील!

---

जुनाजाणता
मंगळवार, रात्री ११:१०

मी पंचवीसेक वर्षं सी शिकवतोय, म्हणून थोडा विरोधी सूर.

टर्बो उघडला की मुलगा थेट प्रोग्रामकडे वळतो. एक खिडकी, एक फाइल, कंट्रोल+एफ९, उत्तर. वर तुम्ही जे सांगितलंत त्यात झिप, पाथ, सिस्टिम व्हेरिएबल, पोर्टेबल फोल्डर एवढं सगळं आहे. हे मुलाला का कळावं? त्याला लूप कळायचाय.

दुसरं, अभ्यासक्रमातल्या प्रात्यक्षिकांत ग्राफिक्स डॉट एच, म्हणजे टर्बोची चित्रं काढायची सोय, आहे. रेषा काढायच्या डीडीए आणि ब्रेसनहॅम या पद्धती, वर्तुळ. ते तुमच्या जीसीसीत चालणार नाही. मग प्रात्यक्षिकाची वही कशी पूर्ण करायची? परीक्षक बाहेरून येतात, त्यांना निळा पडदा ओळखीचा असतो.

---

अर्धविराम
मंगळवार, रात्री ११:२४

सर, पाथ मुलाने बसवायचाच नाही. तो कृष्णाकाठ बसवणार. मुलासमोर तयार खिडकी येईल. लूपआधी काही नको हे तुमचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे.

पण टर्बोवर शिकलेल्या मुलाला पुढे पुष्कळ काही विसरावं लागतं. 'व्हॉइड मेन' जी++ स्वीकारत नाही. 'आयओस्ट्रीम डॉट एच' नावाची फाइलच आता नसते, कारण सी++ चं पहिलं प्रमाणीकरण १९९८ मध्ये झालं आणि टर्बो सी++ बाजारात आला १९९० मध्ये. टर्बोत इंट (पूर्णांकाचा प्रकार) २ बाइटचा, आज बहुतेक सगळीकडे ४ बाइटचा. मुलाखतीत इंटची सर्वांत मोठी किंमत विचारली की मुलं छातीठोकपणे ३२७६७ सांगतात आणि समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघत राहतात. त्यांची चूक नसते, त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं.

ग्राफिक्सचा मुद्दा खरा आहे. त्यावर इथे कोणी काम केलंय का?

---

नादब्रह्म
बुधवार, सकाळी ७:१५

मी ठार दृष्टिहीन आहे आणि बॅकएंड डेव्हलपर म्हणून नोकरी करतो. टर्बोबद्दल माझं मत कडक आहे.

डॉसबॉक्सची खिडकी म्हणजे स्क्रीन रीडरच्या, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रामच्या, लेखी एक चित्र असतं. आत अक्षरं आहेत हे एनव्हीडीए या स्क्रीन रीडरला कळतच नाही. पहिलं वर्ष मी शेजारच्या मित्राच्या आवाजावर काढलं. तो वाचून दाखवायचा, मी सांगायचो, तो टाइप करायचा. माझं डोकं चालत होतं, पण मशिन माझ्याशी बोलत नव्हतं. प्रात्यक्षिकाचे गुण मिळाले आणि प्रोग्रामिंग मात्र मी सुट्टीत घरी शिकलो, नोटपॅड आणि कमांड प्रॉम्प्टवर.

व्हीएस कोडमध्ये ऑल्ट+एफ१ दाबलं की तुम्ही जिथे आहात तिथली सुलभतेची माहिती उघडते. चूक असलेल्या ओळीवर गेलो की वेगळा आवाज येतो, ब्रेकपॉइंटला (प्रोग्राम थांबवायच्या खुणेला) वेगळा. एफ८ ने पुढच्या चुकीवर उडी मारता येते. एनव्हीडीएमध्ये ओळीची इंडेंट सुरांनी ऐकायची सोय आहे, त्यामुळे पायथन कानाने वाचता येतं. ओळ जितकी आत, तितका सूर वर. एनव्हीडीए फुकट आहे आणि त्याच्यासोबत येणाऱ्या ईस्पीकमध्ये मराठी आवाजही आहे.

कृष्णाकाठ, तुमच्या तीस मशिनपैकी निदान एकावर एनव्हीडीए आणि हेडफोन आत्ताच ठेवा. असा विद्यार्थी आल्यावर बघू म्हणू नका. लॅबमध्ये आपल्याला काही करता येणार नाही असं वाटून तो येतच नाही.

---

कृष्णाकाठ
बुधवार, सकाळी ८:०२

नादब्रह्म, एका नाही, दारापासच्या दोन मशिनवर बसवतो. धन्यवाद हा शब्द अपुरा आहे.

---

सायली_टीवाय
बुधवार, सकाळी ८:३०

नादब्रह्म दादा, +१००. इंडेंट सुरात ऐकायची गोष्ट मी आत्ता एनव्हीडीए डाउनलोड करून ऐकली. डोळे मिटून. दोनदा.

---

वऱ्हाडी पेंग्विन
बुधवार, सकाळी १०:४७

आमच्या अकोल्याकडून राम राम. एक गोष्ट कोणी बोललं नाही म्हणून मी बोलतो. व्हीएस कोडचा मूळ सोर्स एमआयटी लायसन्सखाली खुला आहे, पण मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून आपण उतरवतो तो वेगळ्या लायसन्सचा असतो आणि वापराची माहिती वर पाठवतो. ते नको असेल तर व्हीएसकोडियम घ्या. तोच सोर्स, टेलिमेट्री (हे माहिती पाठवणं) काढून बांधलेला. त्याला एक्स्टेन्शन येतात एक्लिप्स फाउंडेशनच्या ओपन व्हीएसएक्सवरून. मायक्रोसॉफ्टचं सी++ चं एक्स्टेन्शन मात्र त्यांच्याच उत्पादनात वापरायचं असं लायसन्स आहे, म्हणून व्हीएसकोडियमवर क्लँगडी हे एक्स्टेन्शन वापरावं लागतं. कामाला ते उत्तमच आहे.

आणि त्या ४ जीबीच्या मशिनवर विंडोज तरी कशाला? विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. डेबियन लिनक्स आणि एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप टाका, जीसीसी एका आज्ञेत येतो, पाथची भानगडच नाही.

---

कृष्णाकाठ
बुधवार, दुपारी १:२०

पेंग्विन भाऊ, मनातलं बोललात. पण त्याच मशिनवर टॅलीचे आणि ऑफिसचे वर्गही होतात, त्यामुळे सगळ्यांवरून विंडोज काढता येणार नाही. विंडोज ७ वाल्या चार मशिनवर मात्र डेबियन टाकायची परवानगी मागतो. त्यांच्यावर नवा व्हीएस कोड तसाही चालत नाही ना?

---

अर्धविराम
बुधवार, दुपारी १:४१

नाही. विंडोज ७ साठी शेवटची आवृत्ती १.७०.३. परवानगी मिळेपर्यंत तिथे कोड::ब्लॉक्स हा एडिटर टाका, ज्या इन्स्टॉलरच्या नावात मिनजीडब्ल्यू आहे तो. कंपायलर सोबतच येतो.

टेलिमेट्री व्हीएस कोडमध्येही सेटिंग्जमधून बंद करता येते. सेटिंग्जमध्ये 'टेलिमेट्री लेव्हल' शोधा आणि 'ऑफ' करा. एक्स्टेन्शनं मात्र त्यांची त्यांची माहिती पाठवू शकतात, हा पेंग्विन यांचा मुद्दा उरतोच.

४ जीबीवरचा खरा भार सी++ एक्स्टेन्शनच्या इंटेलिसेन्सचा (टाइप करताना सूचना आणि चुका दाखवणारी सोय) असतो. त्याचा कॅश मूळ सेटिंगनुसार ५१२० एमबीपर्यंत वाढू शकतो. प्रत्येक विद्यार्थ्याच्या खात्यात वेगळा झाला तर तुमच्या हार्ड डिस्क भरतील. 'इंटेलिसेन्स कॅश साइझ' शून्य करा. पहिल्या सत्रात तर मी हे एक्स्टेन्शन न टाकताच सुरुवात करीन. रंगीत अक्षरं व्हीएस कोड स्वतःच दाखवतो. लिहा, सेव्ह करा, टर्मिनलमध्ये (एडिटरच्या खालच्या आज्ञांच्या खिडकीत) कंपाइल करा.

---

चकलीवाली
बुधवार, दुपारी ३:०५

मी शाळेत आठवी-नववीला पायथन शिकवते, त्या अनुभवावरून लिहिते. पहिल्या तासाला मुलं ज्या ठिकाणी अडकतात त्या जागा ठरलेल्या आहेत.

सगळ्यात मोठी म्हणजे सेव्ह. मोबाइलवर काहीही सेव्ह करावं लागत नाही, त्यामुळे मुलांना ती कल्पनाच नसते. फाइलच्या नावाशेजारी पांढरा ठिपका दिसतोय, म्हणजे सेव्ह झालेलं नाही. ते जुनाच प्रोग्राम चालवतात आणि 'मॅडम, मी बदललं तरी तेच येतंय' म्हणतात. फाइल मेनूत 'ऑटो सेव्ह' चालू करून ठेवा.

दुसरं, कोड रनर. बरेच जण ते एक्स्टेन्शन सुचवतात, चालवायला त्रिकोणी बटण मिळतं म्हणून. पण ते मूळ सेटिंगमध्ये आउटपुटच्या खान्यात चालवतं आणि तिथे टाइप करता येत नाही. ज्या प्रोग्राममध्ये संख्या विचारली आहे तो तिथेच लटकतो. सेटिंग्जमध्ये 'रन इन टर्मिनल'वर खूण करा, मग नीट चालतं.

तिसरं, व्हीएस कोडमध्ये फाइल उघडू नका, फोल्डर उघडा. पहिल्यांदा उघडलं की 'या फोल्डरच्या लेखकांवर विश्वास आहे का' असं विचारतो. मुलं घाबरून 'नाही' दाबतात आणि बऱ्याच सोयी बंद असलेल्या रिस्ट्रिक्टेड मोडमध्ये अडकतात. आधीच सांगून ठेवा.

पायथन शिकवणार असाल तर इन्स्टॉल करताना खालच्या 'ॲड टू पाथ' चौकोनात खूण करा. नाहीतर 'पायथन' टाइप केलं की मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडतं आणि अख्खा वर्ग तिथे खरेदीला गेल्यासारखा दिसतो. :D

अगदी नवख्यांसाठी थॉनी हा पायथनचा एडिटर बघा. एस्टोनियाच्या तार्तू विद्यापीठात तयार झालेला आहे, पायथन त्याच्यासोबतच येतो. व्हेरिएबलची किंमत ओळीगणिक बदलताना दिसते. माझ्या वर्गात लूप समजावून सांगायला त्याच्याइतकं काही उपयोगी पडलेलं नाही.

---

फोंडेकर
बुधवार, संध्याकाळी ६:१२

चकलीवाली ताईंचा प्रतिसाद छापून लॅबच्या दारावर लावण्यासारखा आहे.

मी फोंड्याचा. देवनागरीबद्दल लिहितो, कारण मुलांना पहिल्याच दिवशी स्वतःचं नाव पडद्यावर आणावंसं वाटतं, आणि तिथे मशिनने चौकोन दाखवले की हिरमोड होतो.

फॉन्टच्या सेटिंगमध्ये स्वल्पविराम देऊन दोन नावं लिहिता येतात. आधी कोडचा फॉन्ट, मग नोटो सॅन्स देवनागरी किंवा मुक्ता. मुक्ता मुंबईच्या एक टाइपचा, खुला आणि मोफत. एडिटरमध्ये जोडाक्षरं छान दिसतात. खालच्या टर्मिनलमध्ये मात्र बिघडतात, कारण तिथे प्रत्येक अक्षराला ठरावीक रुंदीचं घर असतं आणि आपल्या वेलांट्या त्या घरात मावत नाहीत. प्रोग्राम बरोबर असतो, दाखवण्याचा दोष असतो. हे सांगितलं नाही तर मुलं बरोबर कोड खोडत बसतात.

विंडोजवर पायथनने मराठी फाइल उघडताना एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) यूटीएफ-८ स्पष्ट लिहायचं. नाहीतर 'चारमॅप' असं काहीतरी म्हणत कोसळतो. आणि फोल्डरचं नाव रोमन लिपीत, मोकळ्या जागेशिवाय ठेवा. 'माझे प्रोग्राम' नावाच्या फोल्डरात डीबगर रुसतो.

वर्गात एक गंमत करून बघा. पायथनला 'मराठी' या शब्दाची लांबी विचारा. उत्तर ५ येतं, कारण काना आणि वेलांटी वेगळी मोजली जातात. यूटीएफ-८ मध्ये त्याच शब्दाचे बाइट मोजले तर १५. मुलं लगेच आपापल्या नावाची लांबी काढायला लागतात आणि तासाचा विषय विसरतात, पण विसरू द्यावा.

---

ईमॅक्सवासी
बुधवार, रात्री ८:५०

अवांतर: ईमॅक्स या एडिटरमध्ये देवनागरी लिहिण्याच्या पद्धती आतच आहेत, इन्स्क्रिप्टही आणि आयट्रान्सही. कंट्रोल+बॅकस्लॅश दाबलं की लिपी बदलते. चाळीस वर्षांचा एडिटर आहे म्हणून कोणी नाक मुरडू नये.

---

वऱ्हाडी पेंग्विन
बुधवार, रात्री ८:५८

आला! मी वाटच बघत होतो. आता विम एडिटरवाले यायचेत, ते बाहेर पडायचा रस्ता शोधत असतील.

---

सायली_टीवाय
बुधवार, रात्री ९:०१

मी विमवालीच आहे काका. एस्केप, कोलन, क्यू. इथपर्यंत आले बघा. :)

---

ईमॅक्सवासी
बुधवार, रात्री ९:३३

सायली, छान. विम लिहिणारे ब्राम मूलेनार ३ ऑगस्ट २०२३ ला गेले. त्यांनी विम फुकट दिला आणि वापरणाऱ्यांना एवढीच विनंती केली की जमलं तर युगांडातल्या मुलांना मदत करा. एडिटरवरून आपण भांडतो ते ठीक, पण ही माणसं आठवावीत.

मूळ धाग्याकडे. कृष्णाकाठ, लॅबला व्हीएस कोडच ठेवा. मी स्वतः वापरत नाही, तरी सांगतो. मुलगा अडकला तर त्याच्या अडचणीचं उत्तर नेटवर सर्वांत सहज त्याच एडिटरचं सापडेल. एक विनंती: एआयच्या सूचना पहिल्या सत्रात बंद ठेवा. सेटिंग्जमध्ये एआयची सगळी वैशिष्ट्यं एकत्र बंद करायची सोय आहे.

---

सायली_टीवाय
बुधवार, रात्री ९:४७

इथे मी असहमत. आमच्यातल्या ज्यांना घरी विचारायला कोणी नाही, त्यांना रात्री अकरा वाजता एरर समजावून सांगणारं तेच असतं. माझ्या घरी संगणक हा शब्दच माझ्याबरोबर आला. बंद करू नका, कसं विचारायचं ते शिकवा.

---

चकलीवाली
बुधवार, रात्री १०:१५

सायली, एरर समजावून घेणं आणि ओळ पुरी होण्याआधीच पुढचं राखाडी अक्षरात दिसणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पहिलीला माझी हरकत नाही. दुसरीमुळे मुलं टॅब दाबत जातात आणि कंस कुठे मिटला हे त्यांना सांगता येत नाही. लॅबमध्ये सूचना बंद, घरी प्रश्न विचारायची मोकळीक, असं मी करते.

---

सायली_टीवाय
बुधवार, रात्री १०:२२

हे पटलं मॅडम. ज्यांच्याकडे फक्त फोन आहे त्यांच्यासाठी: टर्मक्स (फोनवरचं टर्मिनल) एफ-ड्रॉइड या ॲपच्या दुकानातून घ्या आणि त्यात क्लँग हा कंपायलर बसवा. सी++ फोनवर चालतं. ब्लूटूथ कीबोर्ड मिळाला तर अभ्यास होतो, माझा झालाय.

---

जुनाजाणता
गुरुवार, सकाळी ६:५०

नादब्रह्म यांचा प्रतिसाद रात्री पुन्हा वाचला. माझ्या वर्गात असा एक मुलगा होता, त्याने दुसऱ्याच महिन्यात विषय बदलला. कारण त्याने सांगितलं नव्हतं.

टर्बोचा आग्रह मी सोडतो. ग्राफिक्सचं काय ते मात्र सांगा, वही पूर्ण व्हायला हवी.

---

अर्धविराम
गुरुवार, सकाळी ९:२८

सर, काल रात्री शोधून करून पाहिलं. एसडीएल-बीजीआय नावाची लायब्ररी आहे. ग्राफिक्स डॉट एच मधली लाइन, सर्कल, पुटपिक्सेल ही फंक्शनं त्याच नावांनी देते आणि खाली एसडीएल२ वापरते. ६४-बिट जीसीसीवर चालते. डीडीए आणि ब्रेसनहॅम दोन्ही चालले. 'व्हॉइड मेन' चं 'इंट मेन' करावं लागतं, 'क्लिअरस्क्रीन' ची ओळ काढावी लागते आणि कंपाइल करताना लायब्ररीची नावं द्यावी लागतात. विनबीजीआयएमही आहे, पण ती ३२-बिटच्या जुन्या मांडणीत अडकते.

कंपाइलची ती लांब आज्ञा मुलांनी पाठ करायची गरज नाही. व्हीएस कोडच्या 'टास्क्स'च्या फाइलमध्ये एकदा लिहून ठेवली की कंट्रोल+शिफ्ट+बी ने चालते. ती फाइल फोल्डरबरोबर सगळ्या मशिनवर जाईल.

---

जुनाजाणता
गुरुवार, सकाळी ९:५५

उत्तम. प्रात्यक्षिकांची यादी मी कृष्णाकाठ यांना पाठवतो. कोणते प्रोग्राम बदलायला लागतील ते सोबत बसून बघू.

---

कृष्णाकाठ
गुरुवार, रात्री १०:०५

आज एका मशिनवर सगळं बसवलं. पोर्टेबल व्हीएस कोड, विनलिब्ज, ऑटो सेव्ह चालू, टेलिमेट्री आणि एआय सूचना बंद, सी++ चं एक्स्टेन्शन तूर्त नाही. ४ जीबीवर उघडायला थोडा वेळ घेतो, पण एकदा उघडल्यावर अडत नाही. एनव्हीडीए लावून बघितलं, चुकीच्या ओळीवर आवाज येत नाही. ते सी++ चं एक्स्टेन्शन नसल्यामुळे का?

---

नादब्रह्म
गुरुवार, रात्री १०:३१

हो. चूक शोधून खूण करणारं एक्स्टेन्शनच असतं, व्हीएस कोड फक्त आवाज देतो. त्या दोन मशिनवर एक्स्टेन्शन टाका आणि कॅश शून्यावर ठेवा. टर्मिनलमधला कंपायलरचा मजकूर वाचायला ऑल्ट+एफ२ वापरा, तो वेगळ्या खिडकीत ओळीओळीने वाचता येतो.